मांजराची सुई

"कंपाउंडर, ही खाऊन उठत नाही तर पुन्हा वाटीपाशी जाऊन बसते. आणि ओरडते अशी, की गल्लीतल्यांना वाटावं ही बाई मांजराला उपाशी मारतेय. मला लाज वाटायला लागलीय हो."

शमीमभाभींनी भाजीची पिशवी टेबलावर ठेवली. पिशवीतून मन्नोचं तोंड बाहेर आलं. तिनं मला एकदा बघितलं आणि ओरडायला लागली.

ही सत्त्याण्णव सालच्या एप्रिलातली गोष्ट. कोरेवाडीच्या गुरांच्या सरकारी दवाखान्यात मी नोकरीला होतो. कागदावर माझं पद व्रणोपचारक, पण हा शब्द माझ्या बायकोलासुद्धा कधी नीट म्हणता आला नाही. गावाला मी बोराटे कंपाउंडर. बावीस वर्षांत सात डॉक्टर आले नि बदलून गेले, मी तिथंच. अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालायचा तो मी, फुगलेल्या बैलाला तेल पाजायचं ते मी. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं तरी लोक बाहेर येऊन मला विचारायचे, "कंपाउंडर, हे बरोबर लिहिलंय ना?" असं बावीस वर्षं कुणी विचारत राहिलं की माणसाचं डोकं फिरतंच. माझंही फिरलं होतं.

मन्नोला मी पिशवीतून बाहेरसुद्धा काढली नाही. पाठीवरून हात फिरवला, मणके हाताला लागले.

"जंत झालेत."

"नीट बघा तरी."

"भाभी, बावीस वर्षं काय मी इथं माशा मारल्या?" मी पुडी बांधून दिली. "दुधातून द्या. भस्म्या झालाय तुमच्या मन्नोला. आमच्या घरी पण एक आहे तसलीच. कांचन."

भाभी हसल्या नाहीत. त्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायच्या. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, शिवणाच्या मशीनवर पोट. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज त्यांच्या हातचे.

"बरं आठवलं," त्या म्हणाल्या. "कांचनला पाठवा संध्याकाळी. लग्नाचे ब्लाउज परत आत घ्यायला लागणार. होळीच्या वेळी माप घेतलं होतं, त्यात आता दोन बोटं जातात."

"लग्न ठरलं की पोरी बारीक होतातच."

"होतात. पण त्या खात नाहीत म्हणून होतात, कंपाउंडर."

मी हसून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलो. एक शेळी आली होती.

कांचन माझी एकुलती एक मुलगी. बावीस पूर्ण. आमच्या लोकांत तेव्हा बावीस म्हणजे उशीरच. दोन ठिकाणं रंगावरून मोडली होती, एक उंचीवरून. शेवटी फलटणकडचे जमदाडे आले, मुलगा अंकुश, एसटीच्या वर्कशॉपात कामाला. बघायला आला आणि चहा संपायच्या आत हो म्हणून गेला. सुपारी फुटली, पत्रिका छापल्या, अकरा मे ही तारीख धरली. हौसा, माझी बायको, तिला तर दोन वर्षांनी पहिल्यांदा रात्रीची झोप लागायला लागली होती.

आणि पोरीला खाखा सुटली. सकाळी तीन भाकरी, दुपारी चार, मध्ये शेंगदाणे, गूळ, हाताला लागेल ते. तांब्याभर पाणी एका दमात प्यायची आणि पुन्हा माठाकडं जायची. मी चार माणसांत तिची थट्टा करायचो. "अगं, जमदाड्यांना कळलं तर हुंड्यात धान्याचं पोतं मागतील." ती पण हसायची. म्हणायची, "अण्णा, खरंच सांगते, खाऊन उठले की पोटात पुन्हा खड्डा."

आमच्याकडं खाऊन भूक न भागणाऱ्याला भस्म्या झाला म्हणतात, आणि त्याला औषध म्हणजे जड आणि गोड. माझ्या आईनं सांगितलेलं. म्हशीचं दूध, तूप, खीर. पोटातली आग दाबायची तर वर जड काहीतरी टाका. मीच घरात हुकूम सोडला, कांचनला रोज वाडगाभर गव्हाची खीर, गूळ घालून, वर तुपाची धार.

हौसा एकदा म्हणाली, "अवं, तालुक्याला डॉक्टरला दावू या का पोरीला? चेहरा बघा कसा उतरलाय."

"लगीन पंधरा दिवसांवर आलंय आणि नवरीला घेऊन दवाखान्यात बसतेस? कुणी बघितलं तर काय म्हणतील? पोरीत काय खोट आहे म्हणतील. खीर घाल."

तिनं खीर चुलीवर ठेवली. ही चूक अडाणीपणाची होती. तेवढ्या चुकीबद्दल देव मला माफ करील असं मला अजून वाटतं.

तीस एप्रिलला शमीमभाभी मन्नोला घेऊन परत आल्या. जंताची पुडी देऊन काही उपयोग झाला नव्हता, मांजर आणखी वाळलं होतं. त्या दिवशी मी आत गुंतलो होतो म्हणून नव्या डॉक्टरीणबाईंनीच पिशवी उघडली. वानखेडे मॅडम. अमरावतीकडच्या, वय सव्वीस-सत्तावीस, येऊन दोन महिने झालेले. मांजराला टेबलावर घेऊन अर्धा तास बघत बसायच्या, म्हणून मी गड्यांमध्ये त्यांची नक्कल करायचो.

"पाणी किती पिते?" मॅडमनी विचारलं.

"विचारूच नका. बादलीत तोंड घालते."

"लघवी?"

"सारखी. मातीची पाटी ठेवलीय कोपऱ्यात, दिवसातून दोनदा बदलते. आणि मॅडम, मुंग्या किती लागतात हो त्या पाटीला! आधी कधी लागत नव्हत्या."

मॅडम एकदम थांबल्या. आत गेल्या, कपाटातून एक डबी आणली. डबीत कागदी पट्ट्या होत्या. मन्नोनं त्या घाबरण्यात टेबलावरच मुतून ठेवलं होतं, मॅडमनी त्यात पट्टी टेकवली. मिनिटभरात टोकाचा निळा रंग तपकिरी झाला.

"साखर आहे," मॅडम म्हणाल्या. "मांजराला मधुमेह."

मी हसलो. "मॅडम, मांजराला साखर? मग म्हशीला काय, दमा?"

"कुत्र्या-मांजरांना होतो, बोराटे. माणसांसारखाच." त्या शांतपणे भाभींना समजावायला लागल्या. खाल्लेल्याची साखर रक्तात येते, पण ती अंगात ओढून घ्यायला जे लागतं ते हिच्या शरीरात कमी पडतंय. म्हणून साखर लघवीतून जाते, सोबत पाणी ओढून नेते. खाते भरपूर, पण अंग उपाशीच.

भाभींना काही कळलं नाही. "म्हणजे काय हो, कंपाउंडर?" त्यांनी माझ्याकडं बघितलं.

आम्ही माळी. वाफे-पाट हेच माझ्या बापानं केलं. मी पुढं होऊन ऐटीत सांगायला लागलो. "भाभी, असं समजा, पाट भरून वाहतोय. पण वाफ्याचं तोंड फोडायला माणूसच नाही. मग पाणी कुठं जाणार? सरळ ओढ्याला. पाटाला पाणी किती का असेना, वाफा वाळणारच. आणि वाफा वाळला की आपण काय करतो, आणखी पाणी सोडतो. तसं ही आणखी खाते, आणखी पिते, आणखी..."

तिथंच माझ्या डोळ्यांपुढं आमची मोरी आली.

महिनाभर हौसा मोरीच्या कोपऱ्यात हळद टाकत होती. रोज सकाळी म्हणायची, मेल्या मुंग्या कुठनं येतात कळत नाही. रात्री-अपरात्री कांचन चार-चारदा मोरीकडं उठायची.

"तसं ही आणखी वाळते," मॅडमनी माझं वाक्य पुरं केलं. "बरोबर सांगितलं तुम्ही. छान सांगितलं."

भाभी डोळे पुसत होत्या. "वाचेल ना?"

"इन्शुलिनची सुई द्यावी लागेल, सकाळ-संध्याकाळ. माणसांचीच असते, साताऱ्याला मिळेल. बोराटे तुमच्या गल्लीतच राहतात ना? ते देतील."

मी विचारलं, "मॅडम, आणि सुई नाही दिली तर? किती दिवस काढील?"

"काढेल हो दोन-तीन महिने. मांजराचा हा आजार सावकाश चालतो."

दोन-तीन महिने. मी तेवढंच ऐकलं. अकरा मेला अकरा दिवस होते.

डबीतली एक पट्टी मी खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी पहाटे कांचन मोरीतून आल्यावर मी आत गेलो. बापानं ते कसं केलं हे सांगण्यासारखं नाही. पट्टीचा रंग मन्नोच्या पट्टीपेक्षा लवकर बदलला, आणि तपकिरीच्याही पुढं गेला.

मी मोरीत उभा राहून सगळा विचार केला. घाबरून काही सुचलं नाही असं म्हणायला मला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. मला सगळं स्वच्छ सुचलं. आज दवाखान्यात नेलं तर दुपारपर्यंत गावभर होईल, बोराट्याच्या पोरीला साखर. संध्याकाळपर्यंत फलटणला. जन्मभर सुया टोचून घेणारी पोरगी कोण करतो? तीन ठिकाणं रंगावरून नि उंचीवरून मोडली, ह्याच्यावरून तर उंबऱ्याला कुणी पाय लावणार नाही. आणि काय घाई आहे? दोन-तीन महिने निघतात. लग्न होऊ दे. पूजा-गोंधळ होऊ दे. मग तिकडंच एखाद्या दिवशी चक्कर येईल, तेच नेतील डॉक्टरकडं, आणि एकदा त्यांच्या घरचं माणूस झालं की टाकून कोण देतो.

पट्टीचे दोन तुकडे केले नि मोरीत सोडले. बाहेर आलो तर कांचन चुलीपाशी बसून शिळी भाकरी दुधात कुस्करत होती. "अण्णा, चहा टाकू?" म्हणाली.

त्या दिवशी मी फक्त खीर बंद करायला सांगितली. कारली आणली, रस काढ म्हटलं. हौसा माझ्यावर खेकसली, "नवऱ्या पोरीला कडू कुणी देतं का? काय अंगात आलंय तुमच्या?" मी कारली परसात टाकून दिली.

शमीमभाभींनी साताऱ्याहून बाटली आणली. फ्रीज कुणाकडं होता? पाण्याच्या माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवली. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, मी त्यांच्या घरी जायचो. मन्नोला आधी खायला घालायचं, मग मानेवरची कातडी चिमटीत धरायची, बारीक सुई आत. ती कान हलवायची, तेवढंच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फरक दिसला. खाल्लं, तोंड पुसलं, आणि मशीनखाली जाऊन झोपली.

"कंपाउंडर, तुमच्या हाताला यश आहे हो," भाभी म्हणाल्या.

बाटलीवर माणसाच्या औषधाचा शिक्का होता. मी ती रोज दोनदा हातात धरत होतो.

आणि इकडं केळवणं चालू झाली. लग्न ठरलेल्या पोरीला नात्यागोत्यातल्यांनी, शेजाऱ्यांनी जेवायला बोलवायचं, गोडधोड घालायचं. एकुलती एक पोर, त्यात आईबापाच्या ओळखी. एक दिवस रिकामा नव्हता. कुणाकडं पुरणपोळी, कुणाकडं गुळवणी, कुणाकडं जिलेबी. कांचन सगळीकडं पोटभर खायची आणि घरी येऊन डबे हुडकायची. बाया कौतुक करायच्या, "कशी मोकळेपणी जेवते बघा, लाजत नाही." मी प्रत्येक केळवणाला गेलो. घरी बसवेना.

सात मेला शमीमभाभींचं केळवण. आम्ही तिघं गेलो. भाभींनी आमच्यासाठी शाकाहारी सैपाक केला होता, आणि शीरखुर्मा. ईद होऊन गेलेली, पण कांचनला त्यांच्या हातचा आवडतो म्हणून मुद्दाम केलेला. लग्नाचे ब्लाउज घडी घालून खाटेवर ठेवले होते. मन्नो खाऊन, सुई घेऊन दाराशी झोपली होती.

कांचननं दोन वाट्या संपवल्या. मध्ये तीनदा पाणी प्यायली. मग वाटी चाटूनपुसून भाभींपुढं केली.

भाभी हसल्या. "तू पण आमच्या मन्नोसारखीच गं. खाऊन झालं की पुन्हा वाटी पुढं..."

त्या बोलता बोलता थांबल्या. हातातला डाव पातेल्यात तसाच राहिला. त्यांनी कांचनच्या दंडाकडं बघितलं, मग पाण्याच्या तांब्याकडं, मग माझ्याकडं. शिवणकामाची बाई ती. त्या पोरीचं अंग कितीनं कमी झालं हे आईपेक्षा तिला जास्त माहीत.

"कंपाउंडर," त्या हळू म्हणाल्या, "हिला पण एकदा डॉक्टरला दाखवा ना."

हौसा घास हातात घेऊन माझ्याकडं बघायला लागली. "का वं? काय झालं?"

तेव्हा एक शब्द बोलायचा होता. हो म्हणायचं होतं, फक्त हो. उद्या सकाळच्या एसटीनं नेतो म्हणायचं होतं.

"भाभी," मी आवाज चढवला, "माझ्या पोरीची बरोबरी मांजराशी करताय? केळवणाला बोलावून हे ऐकवायला?"

"तसं नाही हो, मी आपलं..."

"चार दिवसांवर लगीन आलंय. काहीबाही बोलून पोरीच्या डोक्यात किडा सोडू नका."

भाभींचा चेहरा उतरला. कांचन मधेच म्हणाली, "अण्णा, असू द्या की. भाभी काय परक्या आहेत?" आणि तिनं वाटी खाली ठेवायला घेतली.

मी भाभींच्या हातातला डाव घेतला. कांचनची वाटी ओढली आणि काठोकाठ भरली. "खा," म्हटलं. "माझ्यासमोर खा. बघू काय होतंय ते."

ती खाली मान घालून खायला लागली. शेवटचा घोट घेऊन तिनं माझ्याकडं बघितलं आणि हसली. बापाचा राग शांत झाला का बघत होती.

नऊ तारखेला हळद दळायला बाया जमल्या आणि कांचनला उलट्या सुरू झाल्या. केळवणांचं अजीर्ण झालं म्हणाल्या. कुणी ओवा दिला, कुणी सोडा दिला, कुणी सरबत दिलं साखरेचं. दुपारपर्यंत ती धापा टाकायला लागली. धापा म्हणजे कशा, पळून आलेल्या माणसासारख्या, लांब-लांब, आणि ती तर खाटेवर पडून होती. तोंडाला गोडसर वास. मी हाक मारली तर डोळे उघडले नाहीत.

जीप मिळवून साताऱ्याला नेली. तिथल्या डॉक्टरांनी रक्त बघितलं नि कपाळाला हात लावला.

"साखर सहाशेच्या वर आहे. कधीपासून वाळतेय ही?"

"दीड-दोन महिने झालं," हौसानं सांगितलं. "खाती भरपूर, अंगाला काय लागत न्हाई. आम्हाला वाटलं भस्म्या झालाय."

"लहान वयातली साखर अशीच झपाट्यानं चढते, बाई. दिवसा-दिवसांचा खेळ असतो. आठ दिवस आधी आणली असती तर आज उठून बसली असती. कुणालाच शंका आली नाही?"

डॉक्टर माझ्याकडं बघत होते. हौसापण माझ्याकडं बघत होती.

"नाही," मी म्हणालो.

सलाइन लावली, सुया सुरू केल्या. हौसा कॉटच्या पायथ्याशी बसली होती. नर्सनं बाटली ठेवली तिकडं ती बराच वेळ बघत राहिली.

"अवं, शमीमभाभीच्या मांजराला देता ती हीच का बाटली?"

"हीच."

"म्हंजे मांजराला हेच झालंतं?"

"हो."

"मग आपल्या पोरीचं तुमच्या ध्यानात कसं आलं न्हाई?"

"मांजराचं वेगळं असतं गं," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. तिला पटलं. पंचवीस वर्षं संसार केलेली बाई, माझ्या शब्दाबाहेर ती कधी गेली नव्हती. आणि मी खोटंही बोललो नव्हतो, वेगळंच असतं. ते मला चार तासांपूर्वी डॉक्टरांच्या तोंडून कळलं होतं.

दहा तारखेला दुपारी जमदाडे आले. बाप नि अंकुश. मी व्हरांड्यात होतो. दोघांना फाटकातून येताना बघितलं आणि मनात म्हटलं, आले मोडायला. पोरगी आत शुद्धीवर नव्हती आणि मी कुठली वाक्यं जुळवत होतो तर, आम्हालाही आत्ताच कळलं हो पाव्हणं.

म्हातारे जमदाडे माझ्या शेजारी बाकावर बसले. "काळजी करू नका," म्हणाले. "माणूस म्हटलं की आजारपण आलं. पोरगी उठू द्या, मग बघू तारखेचं. तुळशीचं लग्न झालं की धरू."



अंकुश आत जाऊन आला. डॉक्टरांशी बोलून आला. माझ्यासमोर उभा राहिला, साधा पोरगा, नखांत वर्कशॉपचं काळं.

"मामा, डॉक्टर म्हणाले ह्यातून उठली तरी जन्मभर सुई लागंल. दिवसातनं दोनदा."

"हो," मी म्हणालो.

"माझी पाळी आठाची असती. सकाळची देऊन जाईन, संध्याकाळची आल्यावर. तिचा हात थरथरला तर? म्हणून मला यायला पाहिजे." त्यानं खिशातून एक मोसंबं काढलं, आणि कागदात गुंडाळलेली एक रिकामी सुई. "नर्सबाईंनी दिली. म्हणाल्या मोसंब्यावर शिका आधी. मामी सांगत होत्या, तुमचा हात लई हलका आहे, मांजरालासुद्धा कळत नाही. मला शिकवता का?"

मी शिकवलं. त्याच बाकावर. पाणी भरायचं, टिचकी मारून हवा काढायची, कातडी चिमटीत धरायची, तिरकी घालायची, घाई करायची नाही. त्याचा हात जड होता. पहिल्यांदा मोसंब्यातून रस उडाला. "तिला दुखंल अशानं," तो म्हणाला आणि पुन्हा पाणी भरलं. दहा-बारा वेळा केलं असेल. शेवटी जमलं, तेव्हा त्यानं मोसंबं उलटंपालटं करून बघितलं, कुठं टोचलंय ते दिसतंय का म्हणून.

"मामा, आमच्या घरात कुणाला काय वाटणार नाही हां," तो म्हणाला. "तुम्ही त्याचं मनाला लावून घेऊ नका. हे आधी कळलं असतं तरी मी हेच म्हटलं असतं."

अकरा तारखेला सकाळी कांचन गेली. मुहूर्त दुपारचा होता.

शमीमभाभी आल्या. हौसाला मिठीत घेऊन तासभर बसल्या, माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी सवयीनं सकाळी सात वाजता माझे पाय त्यांच्या घराकडं वळले. त्या उंबऱ्यावर उभ्या होत्या.

"मॅडमनी मला शिकवलंय," म्हणाल्या. "तुम्ही आता येऊ नका."

त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. मन्नो पुढं चार वर्षं जगली.

हौसा दोन वर्षांपूर्वी वारली. शेवटपर्यंत आल्यागेल्याला सांगायची, आम्ही अडाणी, आम्हाला काय कळतंय, ह्यांनी तर पोरीला फुलासारखं जपलं होतं. मी शेजारी बसून ऐकायचो. एकदाही तोंड उघडलं नाही. आता सांगतोय तर ऐकायला ती नाही.

अंकुश मात्र अजून येतो. त्याचं लग्न झालं, दोन मुलं आहेत. पण दर दिवाळीच्या पाडव्याला बायकोला घेऊन येतो, फराळाचा डबा ठेवतो. त्याच्या गल्लीत कुणाला साखरेची सुई द्यायची असली की त्यालाच बोलावतात म्हणे. बायकोला दर वेळी सांगतो, "मला ह्या मामांनी शिकवलं. पोरगी आत मरणाच्या दारात होती, पण बाहेर बसून शिकवलं. असा माणूस बघायला मिळत नाही."

मग तो पाया पडायला वाकतो. मी पाय मागं घेतो. तो पुढं सरकून धरतोच.